वर्तमानपत्राचं ॲप : आत मजकूर आहे की नुसता फोटो?

आता अनेक मराठी आणि उर्दू वर्तमानपत्रं मोबाईल ॲपवर वाचता येतात. पण सगळी ॲप्स सारखी नसतात. काहींत बातमी मजकूर म्हणून असते, तर काहींत छापील पानाचा फक्त फोटो असतो. शाळेतलं उदाहरण देतो. फळ्यावरचा धडा वहीत उतरवणं वेगळं आणि फळ्याचा फोटो काढणं वेगळं. तसंच हे आहे.

फरक ओळखायचा सोपा उपाय आहे. मोर्चा किंवा शिवजयंतीची मिरवणूक असली की क्रांती चौकातली वाहतूक वळवली जाते. अशा दिवशी स्टेशनला जायचं असेल तर ॲपच्या शोधाच्या जागी ‘क्रांती चौक’ टाईप करून बघा. मजकूर असेल तर बातमी लगेच समोर येते. फोटो असेल तर बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, कारण मोबाईलच्या लेखी ते पान म्हणजे एक चित्र.

घरातल्या बुजुर्गांना हा फरक जास्त जाणवतो. मजकुराची अक्षरं मोठी केली की ओळी स्क्रीनमध्ये नीट बसतात. फोटो मोठा केला की ओळ स्क्रीनबाहेर जाते आणि दादीजानला पान सारखं सरकवत बसावं लागतं. ज्यांना दिसत नाही, त्यांना ‘टॉकबॅक’ मजकूर वाचून दाखवतो. फोटोच्या पानावर तो बहुतेकदा अडतो.

मग वर्तमानपत्रं फोटो का टाकतात? उर्दूची नस्तालिक लिपी पूर्वी कातिब हाताने लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या ‘नूरी नस्तालिक’मुळे ती संगणकावर आली. १९९४ मध्ये ‘इनपेज’ आलं आणि काम सोपं झालं. पण जुन्या इनपेजचा मजकूर युनिकोडमध्ये नव्हता, म्हणून इंटरनेटवर पानाचं चित्रच टाकलं जाई. मराठीतही जुन्या फाँटमधला मजकूर मोबाईलवर जसाच्या तसा टाकला तर भलतीच अक्षरं दिसतात. आधी तो युनिकोडमध्ये बदलून तपासावा लागतो.

गूगल प्लेवर खातं उघडायला प्रकाशकाला एकदाच २५ डॉलर लागतात. खरा खर्च रोज हे काम करणाऱ्या माणसाचा आहे. छोट्या दैनिकाला तो जड जातो, हेही समजून घ्यायला हवं.

म्हणून वर्गणी भरताना किंवा ॲपवर अभिप्राय देताना एवढीच मागणी करा : सगळा अंक जमत नसेल तर निदान पहिलं पान आणि शहराचं पान तरी मजकुरात द्या. आपल्या अनेक घरांत अब्बा उर्दू वाचतात आणि मुलं मराठी. मोहल्ल्याची, शाळेची, शहराची आजची बातमी दहा वर्षांनी मुलांना शोधायची असेल, तर ती आज मजकूर म्हणून जपली गेली पाहिजे.