चिरुटाला गुण, बिडीला छाट

हाताने वळलेल्या महागड्या चिरुटाची अर्धी परीक्षा तो पेटण्याआधीच उरकलेली असते. वरचं पान तुकतुकीत आणि एका रंगाचं आहे का, शिरा फार जाड नाहीत ना, हे आधी डोळे पाहतात. मग चिमटीत हलकेच दाबत एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायचं. कुठे पोकळ लागलं तर आत तंबाखू कमी पडलीय, कुठे गाठ लागली तर तिथे धूर अडणार. टोक कापल्यावर न पेटवताच एक झुरका ओढतात. हवा किती सहज येते ते त्यात कळतं. पेटवल्यावर धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडून द्यायचा. कडा सारखी जळते का, राख किती वेळ धरून राहते, सुरुवातीची चव मध्यावर आणि शेवटी कशी पालटते, याची नोंद ठेवायची. 1992 मध्ये निघालेल्या ‘सिगार अफिशिओनादो’ या अमेरिकी नियतकालिकात तर शंभरपैकी गुण देतात, आणि परीक्षकाला नाव कळू नये म्हणून चिरुटावरची मूळ पट्टी आधी काढून टाकतात. वर्णनात कोको, चामडं, देवदार, ओली माती असे शब्द येतात. त्यातलं निम्मं जिभेवरचं आणि निम्मं लेखणीतलं असावं, असा मला दाट संशय आहे. दाबून पाहणं, ओढून पाहणं, राख पाहणं यात मात्र वळणाऱ्याच्या बोटांची खरी परीक्षा होते.

कोल्हापुरात असले चिरूट ओढणारे किती निघतील, कोण जाणे. तंबाखूची पारख मात्र या मुलखाला नवी नाही. कागल ओलांडून चाळीसेक किलोमीटरवर निपाणी लागते. नकाशावर कर्नाटकातली, बोलीने मराठी, आणि गुजरातेतल्या चरोतरसारखीच बिडीच्या तंबाखूची जुनी पेठ.

बिडीत तंबाखू असते जेमतेम पाव ग्रॅमच्या आसपास. तेवढ्यात ओढणाऱ्याला तलफ भागल्यासारखं वाटायला हवं, म्हणून पान कडक लागतं. हा कडकपणा शेतातच तयार होतो. रोपाचा शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे पुन्हा पुन्हा काढायचे, म्हणजे सगळा जोर राखलेल्या मोजक्या पानांत उतरतो. पान पिकत आलं की त्यावर तपकिरी ठिपके उमटतात आणि ते हाताला जाड, खरबरीत लागतं. ते उन्हात वाळतं, कुटलं जातं, चाळलं जातं. काडी वेगळी, भुकटी वेगळी. दाणा फार बारीक झाला तर ओढताना तोंडात येतो, भरड राहिला तर नीट जळत नाही. माल पाहणारा मूठभर जर्दा घेतो, तळहातावर चोळतो, नाकाशी नेतो. घशापर्यंत झोंबलं पाहिजे. इथे कोको नाही आणि देवदारही नाही.

फरक आहे तो या नाकाच्या अधिकारात. चिरूट चाखणारा गुण देतो, पण गुणाला बाजार दुसरीकडे असतो. निपाणीत पारख करणाराच खरेदीदार. व्हर्जिनिया तंबाखूसाठी तंबाखू मंडळ आहे, त्याचे लिलाव आहेत. बिडीच्या पानाला असलं छत्र नाही. माल कडक की हलका हे व्यापारी ठरवणार, त्यावरून भावही तोच ठरवणार. मार्च 1981 मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला तो या भावासाठी. रस्त्यावर वसलेल्या त्या तळाला ‘आंदोलननगर’ नाव पडलं. 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात 12 शेतकरी मेले.

शेतकऱ्याच्या पलीकडे आणखीही माणसं होती, ती वखारीत. तंबाखू कुटायला, चाळायला बाया असायच्या, दिवसभर धुरळ्यात. त्यांच्या संघटनेवर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने 1982 मध्ये निपाणीतच माहितीपट केला. जो झोंबरा वास मालाचा गुण म्हणून मोजला जातो, तोच या बायांच्या छातीत उतरत होता.

वळण्याचं काम वेगळं. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, जर्दा पसरायचा, बोटांत फिरवून निमुळती वळी करायची, एक टोक दुमडून बंद आणि दुसऱ्याला दोरा. हजार बिड्या म्हणजे दिवसाचं काम. सोलापुरात, सिन्नरला हे घराघरांत चालत आलंय. हे पान हवा खेळू देत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि जोरात ओढावी लागते. सिगारेटपेक्षा बिडी सौम्य, ही समजूत तिथेच खोटी पडते. चिरुटाचा धूर गिळत नाही म्हणणाऱ्यांनाही तोंडाचा कर्करोग सोडत नाही.

तयार बिड्या ठेकेदारापुढे गेल्या की चिरुटाचीच परीक्षा उलट्या बाजूने सुरू होते. लांबी बघ, दाबून बघ, ढिली आहे का, तोंड नीट बंद आहे का. नापास झालेली ती छाट. चिरुटाला गुण कमी पडले तर छापील आकडा घसरतो. बिडी छाट ठरली की तेवढी मजुरी बुडते. आपल्याकडे बिडी आणि सिगार कामगारांसाठी 2025 पर्यंत कायदा एकच होता, 1966 चा. त्याच्या 39व्या कलमात छाट मालाचा आणि त्याच्या मजुरीचा वाद राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय होती. पण घरी सूप मांडीवर घेऊन वळणाऱ्या बाईचं नाव बहुतेकदा ठेकेदाराच्या वहीत असतं, कारखान्याच्या नोंदीत नसतं, आणि पुढच्या आठवड्याची पानं आणि तंबाखूही तिला त्याच ठेकेदाराकडून घ्यायची असतात.