पडद्यावरची चिप

दृष्टिपटल, म्हणजे रुग्णांच्या तोंडी असलेला ‘डोळ्याचा पडदा’, हा डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ थर असतो. त्यातल्या 12 कोटींहून अधिक प्रकाशग्राही पेशी उजेडाचे संदेश बनवतात. ते मेंदूकडे नेणाऱ्या नसेत तंतू मात्र जेमतेम 10 ते 12 लाख. म्हणजे पडदा चित्र जसेच्या तसे धाडत नाही. कडा, हालचाल, उजेड-अंधारातला फरक तेवढा निवडून पाठवतो. कृत्रिम दृष्टीची खरी अडचण इथे सुरू होते.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारात प्रकाशग्राही पेशी हळूहळू मरतात. सुरुवात बहुधा रातांधळेपणाने होते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा वेळीच औषध मिळाले तर जातो. हा जात नाही. या आजाराचे काही प्रकार जवळच्या नात्यातल्या विवाहांमुळे वाढतात, हे मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या महाराष्ट्रात ठाऊक असलेले बरे. प्रकाशग्राही पेशी गेल्या तरी पुढच्या चेतापेशी बऱ्याच टिकतात आणि डोळ्यात बसवायचे यंत्र, म्हणजे इम्प्लांट, त्यांनाच विजेचे हलके झटके देते. काचबिंदूने नसच सुकली असेल, तर त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेतल्या ‘सेकंड साइट’ कंपनीच्या ‘आर्गस 2’ला 2013मध्ये तिथल्या नियामकाची परवानगी मिळाली. चष्म्यावर कॅमेरा आणि पडद्यावर 60 इलेक्ट्रोड. दिसायचे ते उजेडाचे ठिपके, तेही सुमारे 20 अंशांच्या चौकटीत. त्यातून दार किंवा खिडकी ओळखायलाही बराच सराव लागे. संगमेश्वरासारख्या डोंगरउताराच्या तालुक्यात पाखाडी उतरणाऱ्याला पायरीची कड आणि खोली कळावी लागते. एवढ्या ठिपक्यांवर तो भरवसा ठेवता येत नाही. पांढरी काठी हातात राहतेच.

इलेक्ट्रोड वाढवले की भागेल, असे वाटते. पण विद्युतप्रवाह आजूबाजूला पसरतो आणि ठिपके एकमेकांत मिसळतात. उजेड वाढल्याचे सांगणाऱ्या आणि कमी झाल्याचे सांगणाऱ्या पेशी एकाच झटक्याने जाग्या होतात. निरोगी पडद्यात त्यांची कामे वेगळी असतात. जर्मन ‘अल्फा’ चिपवर सुमारे 1,500 प्रकाशसंवेदक होते, तरी नजर त्या पटीत तीक्ष्ण झाली नाही.

त्याहून विचित्र संकट बाजाराचे. 2019मध्ये ‘अल्फा’ बनवणारी जर्मन कंपनी बंद पडली आणि ‘आर्गस 2’चे उत्पादनही थांबले. जगभरातल्या सुमारे 350 जणांच्या डोळ्यांत ‘आर्गस’ बसवलेले होते; सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी विचारायचे कोणाला, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. शरीरात बसवलेल्या यंत्राची हमी कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून असावी, हे कोणत्याही तांत्रिक उणिवेहून गंभीर आहे.

‘प्रिमा’ ही 2 मिलिमीटर चौरस बिनतारी चिप वेगळ्या रुग्णांसाठी आहे: उतारवयात पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजलेल्यांसाठी. चष्मा अवरक्त किरणांनी तिच्यावर चित्र टाकतो. 2025मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत वर्षभरानंतर तपासलेल्या 32 जणांपैकी 26 जणांची नजर लक्षणीय सुधारली. अनेकांना अक्षरे वाचता आली. मात्र दिसते ते कृष्णधवल, आणि ते मोठे करून, सावकाश वाचावे लागते. तिची मूळ फ्रेंच कंपनीही डबघाईला आली आणि 2024मध्ये तंत्रज्ञान अमेरिकी कंपनीकडे गेले.

चिपशिवायही प्रयत्न चालू आहेत. 2017मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली ‘लक्सटर्ना’ जनुकोपचार पद्धती एका विशिष्ट जनुकातल्या दोषावरच चालते आणि त्यासाठी पडद्यात पुरेशा जिवंत पेशी उरलेल्या असाव्या लागतात. म्हणूनच दोष कोणत्या जनुकात आहे याची तपासणी लवकर झालेली बरी.