इंद्रायणीकाठचा वाद

कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. इंद्रायणीचे स्नान, नगरप्रदक्षिणा, माउलींच्या समाधीचे दर्शन आणि रात्रभर मंडपामंडपांतून चालणारी कीर्तने! त्रयोदशीला, शके १२१८ मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी घेतलेल्या संजीवन समाधीचा सोहळा होतो आणि वारकरी डोळे पुसत परतीच्या वाटेला लागतात. या चार दिवसांत ज्यांच्या मुखातून आपण हरिकथा ऐकतो, ते कीर्तनकार कोठे शिकले, त्यांना कोणी घडविले, हा प्रश्न मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येतो. कीर्तन ही ईश्वराची देणगी आहे, ती जिव्हेवर आपोआप उतरते, अशी आपली भाबडी समजूत असते. देणगी असेलही, परंतु त्यामागे चार वर्षांचे अध्ययन असते, आणि त्या अध्ययनात गोडव्यापेक्षा वादाचा वाटा मोठा असतो, हे आज सांगावयाचे आहे.

आळंदीची वारकरी शिक्षण संस्था इ. स. १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग महाराज यांनी स्थापन केली. महाराज मूळचे पुण्याचे, जन्म १८६७ चा. तरुणपणी तालमीत घुमलेला हा आजन्म ब्रह्मचारी पुरुष पुढे संतवाङ्मयाच्या अभ्यासात तितक्याच जिद्दीने उतरला. तुकोबांच्या गाथेचा अर्थ त्यांनी लिहिला, वेदान्तावर स्वतंत्र लेखन केले. त्यांच्यापूर्वी वारकऱ्यांचे शिक्षण फडांवर, मठांतून आणि एखाद्या जाणत्या महाराजांच्या पायांशी बसून होत असे. ती परंपरा थोरच. परंतु खेड्यातल्या गरीब मुलाला तेथवर पोहोचणे हा दैवाचा भाग होता. त्याच्यासाठी दार उघडे असावे आणि अभ्यासाला क्रम असावा, म्हणून ही संस्था निघाली. महाराज १९२० मध्ये निवर्तले. संस्थेचा आरंभच काय तो त्यांना पाहता आला.

येथे येणारी मुले बहुधा शेतकऱ्यांची, कष्टकऱ्यांची. घरी माळ असते, हरिपाठ तोंडपाठ असतो, आजोबांचा हात धरून एखादी वारी घडलेली असते. येथे त्यांच्यापुढे गीता आणि ज्ञानेश्वरी येते, अमृतानुभव येतो, गाथेतले अभंग येतात. पखवाज, टाळ, चाली येतात. आणि त्याबरोबर विद्यारण्यस्वामींची पंचदशी, निश्चलदासांचा विचारसागर, वेदान्तसूत्रे असे ग्रंथही येतात. ज्याच्या घरी पंचांगाखेरीज छापील पुस्तक नव्हते, असा मुलगा जीव, ईश्वर, माया आणि साक्षी यांच्या लक्षणांवर बोलू लागतो. हे दृश्य ज्याने पाहिले असेल त्याला वारकरी पंथ म्हणजे केवळ टाळ कुटणे असे म्हणवणार नाही.

पाठांतर होते, अर्थ समजतो. पण खरी कसोटी बोलण्याची. विद्यार्थ्याने सवंगड्यांपुढे उभे राहून एक अभंग घ्यावयाचा आणि त्याचे निरूपण करावयाचे. बाहेरच्या मंडपातला श्रोता भाविक असतो. तो चुकीलाही मान डोलावतो. सवंगडी तसे नसतात. त्यांनी तोच ग्रंथ कालच वाचलेला असतो. प्रमाण चुकीच्या जागी दिले, दृष्टान्त सिद्धान्ताच्या पलीकडे ओढला की समोरच्या रांगेत लगेच कुजबूज सुरू होते. मग अध्यापक थांबवितात आणि विचारतात, ‘येथे पूर्वपक्ष कोणाचा?’

हा पूर्वपक्ष म्हणजे आपल्या शास्त्रपरंपरेचा कणा होय. ब्रह्मसूत्रांचे चार अध्याय व सोळा पाद असून शांकरपाठानुसार सूत्रे ५५५ आहेत. त्यांची मांडणीच अशी की प्रथम विषय, मग संशय, मग प्रतिपक्षाचे म्हणणे आणि त्यानंतर सिद्धान्त. प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून मांडले तर सिद्धान्तही दुबळाच राहतो. म्हणून दुसऱ्या अध्यायात सांख्य, वैशेषिक, बौद्ध, जैन यांची मते घेऊन त्यांच्याशी झुंज दिलेली आहे. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद; जिंकण्यासाठी चालतो तो जल्प; आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते मोडीत काढावयाचे ती वितंडा. आपण व्यवहारात वाद हा शब्द भांडणाला लावून बसलो आहोत. गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना भगवंतांनी वादाला आपले रूप म्हटले आहे, हे आपण पारायणात वाचतो आणि पुढे जातो.

आता एक उदाहरण घेऊ, कारण त्यावाचून या अभ्यासाची खोली कळावयाची नाही. पंचदशी आणि विचारसागर शिकलेल्या विद्यार्थ्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते: जीवाला बंध आहे तो अज्ञानामुळे, आणि ज्ञानाने अज्ञान गेले की मोक्ष. घरोघरी हेच सांगितले जाते. पुढे तो अमृतानुभव उघडतो. या ग्रंथाची प्रकरणे दहा. त्यांतले सातवे प्रकरण सर्वांत मोठे, आणि त्याचे नावच अज्ञानखंडन! ज्या अज्ञानावर इतका डोलारा उभा केला, ते अज्ञानच माउली नाकारतात. ते आहे म्हणावे तर राहते कोठे? आत्म्यात म्हणावे, तर आत्मा ज्ञानस्वरूप; तेथे त्याला थारा नाही. ते स्वतः स्वतःला जाणू शकत नाही, कारण जाणले तर ते अज्ञान कसले? आणि ज्ञानाने त्याला जाणावे म्हटले, तर दिवा घेऊन अंधार पाहावयास निघाल्यासारखे होते.

विद्यार्थी येथे अडखळतो, आणि अडखळावाच. कारण दुसऱ्या बाजूचे उत्तरही तयार असते. गाढ झोपेतून उठलेला मनुष्य म्हणतो, मला काहीच कळले नाही. हे ‘न कळणे’ त्याला कोणी दाखविले? साक्षीने दाखविले. साक्षिचैतन्य अज्ञानाचे विरोधी नव्हे, उलट प्रकाशक होय. अज्ञान घालविते ती वृत्तिज्ञानाची धार. हे काही लेचेपेचे उत्तर नाही. मग ज्ञानेश्वर महाराज शंकराचार्यांच्या वाटेने चालतात की त्यांचा मार्ग वेगळा, जगाला मिथ्या न म्हणता चैतन्याचा विलास म्हणणारा? साखरे महाराजांच्या परंपरेतील विवेचनाचा कल शांकर अद्वैताशी मेळ घालण्याकडे आहे. पांडुरंगशर्मांसारख्या अभ्यासकांनी त्याविरुद्ध हिरिरीने मांडणी केली. मला स्वतःला सातवे प्रकरण वाचताना दुसऱ्या पक्षाचे पारडे जड वाटते. पण झोपेच्या त्या दृष्टान्तापाशी माझेही पाऊल थबकते, हे कबूल केले पाहिजे.

हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही. ज्या घरात देवापुढे निरांजन लागते, मुलाबाळांचे होते, शेतात नांगर चालतो, ते सारे खोटे म्हणून सोडावयाचे की त्याच देवाचे खेळणे म्हणून सांभाळावयाचे, याचे उत्तर कीर्तनकार आपल्याला देत असतो. तो यांतला कोणता पक्ष शिकून आला आहे, यावर त्या घरची सकाळ अवलंबून राहते.

विचारसागरात तीन भाऊ शिष्य म्हणून येतात: तत्त्वदृष्टी, अदृष्टी आणि तर्कदृष्टी. सारखे प्रश्न विचारणारा तर्कदृष्टी यांत कनिष्ठ अधिकारी गणला आहे. गंमत अशी की वर्गात विद्यार्थ्यांचा जीव सर्वांत अधिक जडतो तो त्याच्यावरच! गुरू मात्र त्याला दूर लोटीत नाहीत, त्याच्या शंका पुरवितात. प्रश्नोपनिषदात पिप्पलादांनी सहा जिज्ञासूंना एक वर्ष तप करून मग हवे ते विचारा, असे सांगितले होते. प्रश्न विचारण्यास बंदी नव्हती; तयारीची अट होती.

जोग महाराजांच्या शिष्यांतले एक म्हणजे शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर. १८९६ मध्ये जन्मलेल्या मामांनी पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविले, तेथील प्राचार्यपद भूषविले, ज्ञानदेव आणि प्लेटो यांचा तौलनिक विचार केला आणि १९५३ मध्ये सार्थ ज्ञानेश्वरी सिद्ध केली. दिवसा वर्गात ग्रीक तत्त्ववेत्ता आणि कीर्तनात तुकोबा, असा हा गृहस्थ. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. दोन विद्यांमध्ये त्यांना कधी भिंत बांधावी लागली नाही, कारण दोन्हींकडे पूर्वपक्ष ऐकून घेण्याची सवय एकच होती.

आज कीर्तनाला गर्दी अफाट आहे. दूरचित्रवाणीने आणि भ्रमणध्वनीने ते घराघरांत पोहोचविले. परंतु विनोदावर विनोद, सासू-सुनांच्या नकला आणि शेवटी घाईघाईने उरकलेला अभंग, असाही प्रकार वाढला आहे. मानधनाचे आकडे तर आयोजकांच्याच तोंडून ऐकावेत. हरिकथा विकू नये, असे तुकोबांनी किती कठोर शब्दांत बजावले आहे! याला दोष नुसता कीर्तनकाराला देता येत नाही. चार वर्षे अज्ञानखंडनात डोके शिणवून आलेला तरुण गावात उभा राहतो, पहिल्याच कीर्तनात त्याला कळते की हशा आला की टाळ्या येतात आणि सिद्धान्त आला की मंडळी पाणी प्यावयास उठतात. पुढच्या वर्षी तो काय सांगेल? श्रोताही अभ्यासलेला हवा. ज्ञानेश्वरीत माउली वारंवार श्रोत्यांची विनवणी करतात, निवृत्तिनाथांपुढे आपले बोलणे ठेवतात. तो सारा ग्रंथच जाणत्यांच्या सभेत दिलेले व्याख्यान आहे.

या वद्य एकादशीला आळंदीस जाणे झाले तर मोठ्या मंडपाबरोबर एखाद्या लहान मंडपातही थांबावे, जेथे नुकताच मिसरूड फुटलेला कीर्तनकार उभा असतो. मागचे टाळकरी बहुधा त्याचेच सवंगडी असतात. त्याच्याकडून एखादे प्रमाण चुकले की त्यांच्या टाळाचा ठेका क्षणभर अडखळतो, पखवाजी वर पाहतो, आणि तो मुलगा कपाळावरचा घाम पुशीत तेच चरण पुन्हा पहिल्यापासून घेतो.