वेडेल समुद्रातले भगदाड

1974 चा अंटार्क्टिक हिवाळा. वेडेल समुद्राच्या पूर्व भागात दिवस जेमतेम काही तासांचा, वर ढगांचे छत आणि खाली किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर पसरलेला गोठलेला समुद्र. अशा वेळी तिथे जहाज जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण वरून नासाचा निंबस-5 फिरत होता. 11 डिसेंबर 1972 रोजी सोडलेल्या या उपग्रहावर सूक्ष्मलहरी टिपणारे एक यंत्र होते, ईएसएमआर. त्याला ना उजेड लागत होता, ना निरभ्र आकाश. त्याने पाठवलेल्या आकड्यांवरून नकाशे तयार झाले, तेव्हा बर्फाच्या पट्ट्यात, किनाऱ्यापासून खूप आत समुद्रात, एक प्रचंड भगदाड दिसले.

भर हिवाळ्यात उघडे पाणी! तेही सुमारे 2,50,000 चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ 3,07,713 चौरस किलोमीटर आहे, यावरून अंदाज करावा.

किनाऱ्यालगत असे उघडे पाणी, म्हणजे पोलिन्या, दिसणे नवे नव्हते. खंडावरून घोंगावत येणारा वारा बर्फ पुढे ढकलतो आणि मागे पाणी मोकळे होते. पण इथे किनारा जवळ नव्हता. मग बर्फ गेला कुठे? यंत्राची चूक म्हणावी तर त्याचा एकेक ठिपका पंचवीसेक किलोमीटरचा होता. एखादा ठिपका चुकू शकतो, शेकडो ठिपके दिवसामागून दिवस एकच चूक करत नाहीत. शिवाय 1975 च्या हिवाळ्यात ते भगदाड पुन्हा उघडले. 1976 मध्येही उघडले. जे झ्वाली, पेर ग्लोर्सेन आणि त्यांचे सहकारी या नकाशांवर काम करत होते. ध्रुवीय समुद्र हिवाळाभर सलग पाहण्याची सोय माणसाला पहिल्यांदाच मिळाली होती आणि पहिल्याच काही वर्षांत तिने हे दाखवले.

हे यंत्र पाहते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक पदार्थ स्वतःहून थोड्या सूक्ष्मलहरी सोडत असतो. ईएसएमआर 19.35 गिगाहर्ट्झच्या लहरी मोजत होते. या लहरींत समुद्राचे पाणी अगदी मंद असते. यंत्राला त्याचे भासमान तापमान 135 केल्विनच्या आसपास दिसते. कोवळा समुद्री बर्फ मात्र 230 केल्विनच्याही वर दिसतो. म्हणजे प्रत्यक्षात बर्फ पाण्यापेक्षा थंड, पण यंत्राच्या नजरेत तोच कितीतरी गरम. या उलट्या फरकामुळेच अंधारातही पाणी आणि बर्फ वेगळे ओळखता येतात.

फेब्रुवारी 1977 मध्ये, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ अर्नोल्ड गॉर्डन ‘इस्लास ऑर्कादास’ या जहाजावरून त्या भागात गेले. मॉड राइज नावाच्या बुडालेल्या पर्वताच्या पश्चिमेला त्यांच्या उपकरणांना पाण्याचा एक फिरता स्तंभ सापडला. रुंदी तीसेक किलोमीटर, पण खोली सुमारे 4000 मीटर. वरचे थंड पाणी सरळ तळाकडे निघाले होते. एरवी तिथे वर थंड, कमी खारट पाण्याचा थर असतो आणि त्याखाली थोडे उबदार, अधिक खारट पाणी दबून असते. वरचा थर पुरेसा जड झाला की तो बुडतो, खालची ऊब वर येते आणि बर्फ टिकत नाही. भगदाडाचा मार्ग खालून उघडत होता तो असा. पण वरचा थर इतका जड कशाने व्हावा?

उत्तर मिठात आहे आणि भाईंदरकरांना ते कळायला कष्ट पडू नयेत. वसईच्या खाडीचे भरतीचे पाणी मिठागरात घेतले की ऊन त्यातले पाणी उडवून नेते. मीठ मागे राहते आणि उरलेले पाणी एकेका कप्प्यागणिक जड होत जाते. ध्रुवावर उन्हाचे हे काम थंडी करते. समुद्राचे पाणी उणे 1.8 अंश सेल्सियसला गोठू लागते, पण बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते. थोडे मीठ बर्फातल्या बारीक फटींत खारवणी होऊन अडकते, बाकीचे खाली झिरपून पाण्याला जड करते. इथपर्यंत ठीक. अडचण पुढे येते. खालून ऊब आली की बर्फ वितळतो, वितळलेले पाणी गोडे, ते वरचा थर पुन्हा हलका करते आणि बुडणे थांबते. भगदाड उघडताक्षणी मिटायला हवे. ते महिनोन्महिने उघडे राहिले, ते कोणत्या मिठाच्या जोरावर?

हे उत्तर मिळण्याआधीच भगदाड नाहीसे झाले. 1976 नंतर एवढे मोठे उघडे पाणी तिथे पुन्हा दिसले नाही. नवे उपग्रह आले, संशोधक निवृत्त झाले.

दरम्यान भारत त्या समुद्रापाशी पोचला होता. पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून निघाली. आपले मैत्री केंद्र ज्या किनाऱ्याच्या आत आहे, तिथून मॉड राइज सातशे-साडेसातशे किलोमीटरवर. 1979 च्या भास्कर-1 उपग्रहावर 19 आणि 22 गिगाहर्ट्झचे सूक्ष्मलहरी यंत्र होते आणि 1999 च्या ओशनसॅट-1 च्या आकड्यांवरून आपल्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिक बर्फाचा विस्तार मोजला. या कामाला जेवढी ओळख मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, असे मला वाटते.

2016 च्या हिवाळ्यात मॉड राइजवर बर्फ विरला. सप्टेंबर 2017 मध्ये तो पुन्हा फाटला आणि ऑक्टोबरअखेर उघडे पाणी सुमारे 80,000 चौरस किलोमीटरवर गेले. गोव्याच्या वीसपटीहून अधिक. चार दशकांतले हे सर्वांत मोठे भगदाड होते. या वेळी मात्र पाहणारे पुष्कळ होते. पाण्यात आपोआप वरखाली करणारे तरंगते मापक होते, हत्ती-सीलच्या डोक्यावर बसवलेली उपकरणे होती. वास्को-द-गामाच्या हेडलँड साडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात बाबुला जेना आणि एम. रविचंद्रन यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन टर्नर यांच्यासह या घटनेचा माग काढला. त्यांचा निबंध 2019 मध्ये ‘जिओफिजिकल रिसर्च लेटर्स’मध्ये आला. वाऱ्याच्या ओढीने वेडेल समुद्राचा महाभोवरा बळावला आणि खालचे उबदार पाणी वर चढले, असे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी इतर गटांनी तीव्र वादळांचा हातही पुढे आणला.

मिठाचा प्रश्न उरलाच होता. तो 1 मे 2024 रोजी ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मधल्या निबंधाने सोडवला, पहिले लेखक आदित्य नारायणन. मॉड राइजभोवतीच्या भोवऱ्यांनी खालचे मीठ वर आणले होते. त्यावर वाऱ्याने आणखी एक काम केले. दक्षिण गोलार्धात वरच्या थरातले पाणी एकंदरीत वाऱ्याच्या डावीकडे, काटकोनात सरकते. या सरकण्याने ते मीठ पर्वताच्या उत्तर अंगावर, नेमक्या भगदाडाच्या जागी, आणून ठेवले. वितळलेल्या गोड्या पाण्याची भरपाई झाली आणि उलथापालथ चालू राहिली.

निंबस-5 च्या नकाशांनी विचारलेल्या प्रश्नाला पन्नास वर्षांनी असा धागा लागला. ते आकडे जपून ठेवले नसते, तर 2017 च्या भगदाडाची तुलना करायला हाताशी काहीच नसते. आज तेच आकडे कोणालाही फुकट उतरवून घेता येतात आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय बर्फ-हिम माहिती केंद्राचा अंटार्क्टिक नकाशा रोज नव्याने प्रसिद्ध होतो. मिरा-भाईंदरच्या शाळा-कॉलेजांतल्या विज्ञानाच्या मुलामुलींनी तो उघडावा. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात 65 अंश दक्षिण, 3 अंश पूर्व या जागेवर लक्ष ठेवा आणि जे दिसेल त्याची तारखेनिशी नोंद करा.