चाळून झालं, निवडायचं राहिलं

जेवणं उरकली ना? भांडी पडली असतील तर राहू द्या. दहा मिनिटं माझ्याजवळ बसा. घरात सासूबाई, आई, आजी-आजोबा असतील तर त्यांनाही हाक मारा. आज त्यांच्याच कामाचं बोलायचं आहे.

मी गटप्रवर्तक आहे. आशाताईंबरोबर वाड्या-वस्त्या फिरते. पण आजची गोष्ट माझ्या स्वतःच्या घरातली आहे.

गेल्या हिवाळ्यात गावात आरोग्य शिबिर भरलं होतं. बीपी, शुगर तपासून झालं की साठीच्या पुढच्या माणसांना एका कोपऱ्यातल्या टेबलावर पाठवत होते. तिथं एक मुलगा टॅब घेऊन बसला होता. स्मरणशक्तीची तपासणी म्हणे. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बसल्या पुढ्यात. पडद्यावर चित्र आलं की बोट लावायचं होतं. आत्याबाईंची बोटं जन्मभर खुरपं धरून राठ झालेली. त्या दाबत होत्या आणि टॅबला कळतच नव्हतं. मग टॅबमधून काही शब्द बोलले गेले, ते लक्षात ठेवायचे होते. मंडपात एवढा गलका की निम्मे शब्द त्यांना ऐकूच आले नाहीत. शेवटी बोटानं घड्याळ काढायला सांगितलं. ज्या बाईनं कधी पाटी-पेन्सिल धरली नाही, तिनं काय घड्याळ काढावं? पडद्यावर लाल खूण आली. मुलगा म्हणाला, "आजींना विसरण्याचा आजार असू शकतो." आणि त्यानं पुढचा नंबर पुकारला.

त्याचं 'असू शकतो' घरी येईपर्यंत 'आहे' होऊन गेलं. आठ दिवसांत आत्याबाईंच्या कमरेची कपाटाची किल्ली गेली. माझे दीर म्हणाले, "जमिनीच्या कागदांवर आत्ताच अंगठे घेऊन ठेवू, पुढं तिला काही कळायचं नाही." वीस वर्षं दुधाचा हिशेब तोंडी ठेवणारी बाई, पण बोलायचीच बंद झाली. मला एकदा हळूच म्हणाली, "मला खरंच काही कळत नाही का गं आता?" मैत्रिणींनो, त्या प्रश्नानं माझी झोप उडाली. म्हणून मी ही तपासणी नीट समजून घेतली. तेच आज तुम्हाला सांगते.

आपण ज्वारी चाळतो. चाळून झाली की लगेच दळायला नेतो का? नाही. ती परातीत घेतो, उजेडात बसतो आणि निवडतो. खडा वेगळा, दाणा वेगळा. टॅबवरची तपासणी ही फक्त चाळणी आहे. कुणाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, एवढंच ती सांगते. आजार आहे की नाही, हे ठरतं निवडताना. आणि निवडायचं काम डॉक्टरांचं.

ही चाळणी आजची नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये डॉक्टरांनी तीस गुणांची एक छोटी तोंडी परीक्षा तयार केली. आज वार कोणता, आपण कुठं आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, एक आकृती पाहून काढा, असे प्रश्न. जगभर ती वापरली जाते. पण तिच्यात एक गोम आहे. ती शाळेत गेलेल्या माणसाला समोर ठेवून केलेली आहे.

ही गोम आपल्याच देशात ओळखली गेली. हरियाणात बल्लभगड नावाचा भाग आहे. तिथल्या खेड्यांत १९९० नंतरच्या काळात डॉक्टर म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास करत होते. त्यातल्या बहुतेकांनी शाळा पाहिली नव्हती. तेव्हा त्यांनी प्रश्नच बदलले. सात-सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे सांगायला लावले. मूळ परीक्षेत 'डोळे मिटा' असं कागदावरचं वाचून तसं करायचं असतं. इथं डॉक्टर स्वतः डोळे मिटून दाखवत आणि म्हणत, माझ्याकडे बघा, मी करतो तसं करा. वाक्य लिहिण्याऐवजी, तुमच्या घराबद्दल काही तरी सांगा. बघा, माणसं तीच, डोकं तेच. प्रश्न बदलले म्हणून शाळा न शिकलेल्या माणसाची खरी परीक्षा झाली.

आता तीच परीक्षा टॅबवर, मोबाईलवर आली आहे. तिचे फायदेही खरे आहेत. पडद्यावरच्या पेट्या एकेक उघडतात, आत चित्रं दिसतात, मग कोणतं चित्र कोणत्या पेटीत होतं ते सांगायचं. चित्र दिसल्याबरोबर बोट लावायला किती वेळ लागला, हे यंत्र सेकंदाच्या बारीक भागापर्यंत मोजतं. घड्याळ काढताना नुसतं घड्याळ बरोबर आलं का हेच नाही, तर हात कुठं थांबला, किती वेळ थांबला, हेही नोंदवतं. माणसाच्या नजरेतून हे निसटतं. शिवाय तपासणारा दमला, चिडला असं होत नाही. प्रत्येकाला तोच प्रश्न, त्याच पद्धतीनं. मोठा डॉक्टर नसलेल्या गावातही अशी चाळणी होऊ शकते, ही मोठीच सोय आहे.

पण यंत्राला समोरची बाई दिसत नाही. तिचं बोट राठ आहे, कान जड आहे, डोळ्यात मोतीबिंदू आहे, भाषा पुस्तकी आहे म्हणून प्रश्न कळला नाही, चारचौघांत बसून ती घाबरली आहे, यातलं काहीच त्याला कळत नाही. उत्तर आलं नाही, एवढंच कळतं. म्हणून तपासणी शांत खोलीत व्हावी, चष्मा-कानाचं यंत्र लावून व्हावी, घरच्या भाषेत व्हावी. आधी दोन-तीनदा सराव करून घ्यावा. आणि तपासणाऱ्याला शाळा किती झाली हे आधी सांगावं.

मी आत्याबाईंना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी मलाच विचारलं, "घरात काय बदललंय?" मी सांगितलं, हाक मारली तर ओ देत नाहीत, दमतात, पण पैसे चुकत नाहीत, रस्ता चुकत नाही. मग कान पाहिले, तर मळानं गच्च. एका डोळ्यात मोतीबिंदू. रक्त तपासलं, तर बी-१२ जीवनसत्त्व कमी. कान साफ झाले, इंजेक्शनं सुरू झाली. दोन महिन्यांनी बंद खोलीत, तोंडी, आपल्या बोलीत पुन्हा प्रश्न विचारले. आत्याबाईंनी वार उलटे सांगितले आणि वर डॉक्टरांना विचारलं, "तुमचं दूध कितीला पडतं?" किल्ली परत कमरेला आली. अंगठा मात्र त्यांनी कुणाला दिला नाही.

आता याची दुसरी बाजूही ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल, तपासणीच नको. आमच्या वाडीतल्या एक काकू दोन वर्षं एकच गोष्ट पाच-पाचदा विचारायच्या. आमटीत मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. सगळे हसून म्हणायचे, साठी बुद्धी नाठी. एका बाजाराच्या दिवशी त्या घरी आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी भलत्याच गावच्या एसटी स्टँडवर सापडल्या. तेव्हा कुठं डॉक्टरकडे नेलं. आजार खूप पुढं गेला होता. त्यांना कुणी चाळलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, ती म्हण खोटी आहे. आपल्या देशात साठीच्या पुढच्या माणसांचा मोठा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आढळला, म्हणजे देशात अंदाजे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. पण शंभरातल्या त्र्याण्णवांना तो नाही, हेही लक्षात घ्या. म्हणजे बुद्धी नाठी होणं हा वयाचा नियम नाही. ज्यांना होतो, त्यांना तो आजार आहे. आजाराला हसायचं नसतं.

मग ओळखायचं कसं? चष्मा कुठं ठेवला हे कुणीही विसरतं. पण चष्मा कशासाठी असतो हेच कळेना, रोजची वाट चुकायला लागली, नोटा मोजता येईनात, जन्मभर केलेली भाकरी जमेना, स्वभावच बदलला, आणि हे महिन्यागणिक वाढत चाललं, तर दवाखाना गाठा. दुसऱ्याच्या सासूशी तुलना करू नका. तिची तुलना तिच्याच दोन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करा. आणि एखादं माणूस दोन-चार दिवसांतच एकाएकी बरळायला लागलं, किंवा तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर चाळणीची वाट बघू नका. लगेच १०८ ला फोन करा.

आशाताई घरी येऊन सीबॅक फॉर्म भरतात ना, त्यात साठीच्या पुढच्या माणसांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? "नाही, नाही, सगळं बरं आहे" असं म्हणून तो उडवून लावू नका. खरं ते सांगा.

डॉक्टरकडे गेल्यावर थायरॉईड, बी-१२, शुगर, कान, डोळे, चालू असलेली औषधं आणि मनाची उदासी, हे सगळं तपासा म्हणावं. यातल्या कशानंही विसरायला होतं आणि त्यावर उपाय आहे. खरा स्मृतिभ्रंश निघाला, तर तो मुळापासून जाईल असं औषध आज नाही. पण काही औषधांनी काही काळ आधार मिळतो. शिवाय माणूस शुद्धीत असताना त्याची इच्छा विचारता येते, घर सावरता येतं, सांभाळणाऱ्या सुनेच्या एकटीच्या डोक्यावर सगळं पडत नाही.

मोबाईलवर कुणी लिंक पाठवून "स्मरणशक्ती तपासा" म्हणालं आणि आधार नंबर, ओटीपी किंवा पैसे मागितले, तर ती तपासणी नव्हे, फसवणूक आहे. आणि टॅबवरच्या गुणांनी कुणाचा अंगठ्याचा, पैशाचा, किल्लीचा हक्क जात नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी फोन नंबर फुकट आहेत. भिंतीवर लिहून ठेवा.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की एवढंच करा. प्रत्येकीनं आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल सांगायचं: दोन वर्षांत काय बदललं? जिच्या घरी बदल मोठा आहे, तिच्याबरोबर गटातली एक जण दवाखान्यात जाईल. चाळायला यंत्र आहे. निवडायला मात्र आपल्यालाच उजेडात बसावं लागेल.

येते मी. आत्याबाई हाक मारताहेत, दुधाचा हिशेब जुळत नाही म्हणतात. चूक माझीच असणार.