काडेपेटीच्या कारखान्यातल्या पोरी

काडेपेटी आपल्या घरात दोन ठिकाणी हमखास सापडते, देवापाशी आणि गॅसपाशी. गॅसला लायटर आला तरी ती हटत नाही! पण याच काड्या बनवताना एके काळी बायकांच्या जबड्याचं हाड सडायचं, हे किती जणींना ठाऊक आहे?

लंडनच्या पूर्व भागात बो नावाची कामगारवस्ती. तिथे ब्रायंट अँड मे कंपनीचा मोठा कारखाना होता. (आता तिथे फ्लॅट झालेत; संपाची आठवण म्हणून २०२२ मध्ये निळी पाटी लागली.) कामाला बहुतेक बायका आणि पोरी, त्यातल्या कितीतरी आयरिश घरांतल्या. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचं पीक रोगाने गेलं, सुमारे दहा लाख माणसं दुष्काळात दगावली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्यातली काही घरं लंडनच्या गोदीजवळ वसली. बाप्ये गोदीत ओझी उचलायचे, पोरी कारखान्यात जायच्या.

सोळा वर्षांच्या पोरीला आठवड्याला जेमतेम ४ शिलिंग मिळायचे. त्यातूनही दंड कापायचे. काडी खाली पडली, दंड. शेजारणीशी बोललं, दंड. पाय मळके दिसले तरी दंड! जेवायला वेगळी जागा नाही, त्यामुळे पांढऱ्या फॉस्फरसचं विष भाकरतुकड्याबरोबर पोटात. आधी दात ठणकायचा, मग जबडा नासायचा. आणि भागधारकांना त्याच कंपनीकडून वीस टक्क्यांच्या वर लाभांश.

जून १८८८ मध्ये ॲनी बेझंट यांनी हे सगळं 'द लिंक' या पत्रात छापलं. हो, आपल्या होमरूलवाल्याच बेझंटबाई. त्यांची आईही आयरिश. 'हे खोटं आहे' असं लिहून द्या, म्हणून मालकांनी पोरींवर दबाव आणला. पोरी सही करीनात. एकीला कामावरून काढलं, तशा जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे चौदाशे जणी कारखान्याबाहेर आल्या.

पुढे पुस्तकांत लिहिलं गेलं की संप बेझंटबाईंनी घडवला. लुईस रॉ या अभ्यासक बाईंनी २००९ च्या पुस्तकात दाखवून दिलं, की बाईंचा भर त्या कंपनीच्या काड्या विकत न घेण्यावर होता. संपाचं पोरींनीच ठरवलं. समितीत सारा चॅपमन होती, आयरिश घरातली मेरी ड्रिस्कॉल होती. पण शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या या पोरींना एकजूट शिकवली कुणी?

मला वाटतं, गल्लीने. आयरिश घरात जमीनदार, घरभाडं, होमरूल यावर बोलणं व्हायचंच. नोव्हेंबर १८८७ मध्ये बेकारी आणि आयर्लंडातली दडपशाही यांविरुद्ध ट्रॅफल्गार चौकात निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तो राग ताजा होता. शिवाय या पोरींची एक भिशीच होती म्हणा ना! पैसे साठवून पिसांच्या टोप्या घ्यायच्या आणि आळीपाळीने मिरवायच्या. पैशाला पैसा जोडायची आणि एकमेकींवर विसंबायची सवय तिथेच लागली असणार. आपल्याकडे बचत गट चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

त्यांचं शिष्टमंडळ थेट पार्लमेंटात गेलं. दोनएक आठवड्यांत कंपनी नमली. दंड बंद झाले, जेवायला वेगळी जागा कबूल झाली, काढलेल्या परत कामावर आल्या. बायकांची स्वतःची युनियनही उभी राहिली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८८९ मध्ये, याच भागातले गोदी कामगार संपावर गेले आणि तासाला सहा पेनी पदरात पाडून घेतले. त्यात कितीतरी आयरिश होते, कुणी या पोरींचे भाऊ, कुणी शेजारी.

विष मात्र लगेच गेलं नाही. जबड्याचे रोगी लपवले म्हणून कंपनीला १८९८ मध्ये दंड झाला, १९०१ मध्ये तिने पांढरा फॉस्फरस सोडला. अशा काड्यांवर बंदी घालणारा कायदा ब्रिटनमध्ये १९०८ चा, आपल्याकडे १९१३ चा. तोवर बेझंटबाईंना भारतात येऊन वीस वर्षं झाली होती.