बेटावरचे बिशप

बालमित्रांनो, चारी बाजूंनी समुद्र, शेजारीपाजारी कुणी नाही, अशा बेटावर तुम्हाला राहायला आवडेल? दोन दिवस मजा वाटेल, तिसऱ्या दिवशी घरची आठवण येईल, हो ना? पण तेराशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एक संत अशा बेटावर अगदी आनंदात राहत होते. त्यांचं नाव कथबर्ट.

त्या काळी इंग्लंड म्हणजे छोट्या छोट्या राज्यांचा प्रदेश. त्यातल्या नॉर्थम्ब्रिया राज्यात इ.स. ६३५च्या सुमारास कथबर्ट जन्मले. तरुणपणी ते डोंगरावर मेंढ्या राखत. ६५१ साली एका रात्री त्यांना आकाशात दिव्य प्रकाश दिसला. मागाहून कळलं, की त्याच वेळी एडन नावाचे थोर बिशप वारले होते. बिशप म्हणजे मोठ्या प्रदेशाचे ख्रिस्ती धर्मगुरू. झालं! कथबर्टनी मेंढ्या मालकांच्या हवाली केल्या आणि मेलरोझचा मठ गाठला.

डोंगरातल्या ज्या गरीब वस्त्यांवर जायला इतर लोक कचरत, तिथे कथबर्ट जात आणि कधी कधी महिनाभर मुक्काम करत. पुढे ६७६ साली ते फार्न बेटावर एकटेच राहू लागले. तिथे त्यांनी गहू पेरला, तो उगवला नाही. मग सातू पेरला, तो छान आला. लगेच पाखरं हजर! ‘तुम्ही न पेरलेलं का खाता?’ असं त्यांनी विचारताच पाखरं उडून गेली, असं बीडनं लिहून ठेवलंय. (हे आपलं बीड गाव नव्हे बरं का! बीड हा त्या काळचा मोठा इतिहासकार.)

एवढ्यात त्यांना बिशप नेमायचं ठरलं. पत्रं आली, निरोप आले, कथबर्ट हलेनात. शेवटी राजा एकफ्रिथ स्वतः होडीतून आला आणि गुडघे टेकून विनवू लागला. कथबर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. आवडतं बेट सोडायचं होतं ना! तरी ते गेले. ६८५ साली ते लिंडिसफार्नचे बिशप झाले.

तेव्हा साथीच्या रोगानं गावंच्या गावं ओस पडली होती. कथबर्ट उरलेल्यांना भेटायला गेले. एका गावात एक बाई रडत उभी होती. एक मुलगा गेलेला, दुसरा तिच्या कुशीत तापलेला. कथबर्टनी त्या मुलाचा मुका घेतला आणि आईला धीर दिला. तो मुलगा वाचला, असं बीड सांगतो.

दोन वर्षं व्हायच्या आतच थकलेले कथबर्ट बेटावर परतले आणि २० मार्च ६८७ रोजी तिथेच वारले. ११०४ साली डरहॅम इथे त्यांची शवपेटी उघडली, तेव्हा आत तळहातावर मावेल एवढं एक पुस्तक मिळालं. मूळ बांधणीसकट ते आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आणि फार्नवर आजही आयडर बदकं घरटी करतात. तिकडचे लोक लाडानं त्यांना ‘कडीची बदकं’ म्हणतात. कडी कोण, ओळखलंत ना?

मुलांनो, आवडीची जागा सोडून लोकांच्या हाकेला धावून जाणं सोपं नसतं. तुम्ही कधी असं केलंय का? आज रात्री जेवताना घरी सांगा पाहू!